आज बागेत जायचं नाही

बाबा,

बूट शोधत बसू नका, ते मी गाडीत टाकून ऑफिसला नेलेत. चपलाही नेल्यात.

आज हवेत परागकण या मोसमातले सगळ्यात जास्त असणार आहेत. हा अंदाज मीच काढलाय. अख्खं शहर माझं ऐकून खिडक्या लावून घेतं, आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार! काल शेजारच्या काकांना तुम्ही म्हणालात, "फुलांच्या धुळीनं कुणी मरतं का?" आणि बागेतून परत येताना जिन्यातच धाप लागून बसलात. काकांनी हाताला धरून वर आणलं, हे मला त्यांच्याकडून कळावं? मला मात्र म्हणे, "जरा दमलो होतो."

पंप चहाच्या डब्याशेजारी ठेवलाय. छातीत घरघर सुरू झाली की लगेच घ्या आणि मला फोन करा. मीटिंगमध्ये असले तरी करा.

आईच्या बाकावर जाऊन बसल्याशिवाय तुमचा दिवस सरत नाही, हे मला कळत नाही असं समजू नका. उद्या रात्री पाऊस आहे, हवा धुऊन निघेल. परवा मी रजा टाकलीय. तिच्या जागेवर मी बसले तर चालेल ना?

ठमी