माझा स्टार्टअप स्लो आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.००
नोकरी सोडून आज एक महिना झाला. (सोडून. काढून नव्हे. फरक नोंदवून ठेवतो.) कॉम्प्युटरचं बटण दाबलं. ९.११ ला सुरू झाला. अकरा मिनिटं! वीस वर्षं अख्खं ऑफिस हाकलं, तिथे या डबड्याची काय कथा. दोन आठवड्यांत एक मिनिटावर आणणार.
बायको म्हणाली, दवाखान्यातून आले की बघते. ती तिथे रिसेप्शनला असते. पेशंट वेगळे आणि कॉम्प्युटर वेगळा, हे तिला शांतपणे समजावलं.

४ मार्च
स्क्रीनवरचा डोंगराचा फोटो काढला. डोंगर म्हणजे वजन आलंच. साधा निळा रंग लावला. वेग वाढवणारा एक प्रोग्रॅमही नेटवरून उतरवून घेतला.
वेळ: साडेअकरा मिनिटं. नवीन माणसाला रुळायला वेळ लागतोच.

५ मार्च
साडूचा फोन. पाऊण तास स्वतःची बढती. मग विचारलं, तुम्ही हल्ली काय करता? म्हटलं, स्टार्टअपवर काम करतोय, सध्या जरा स्लो आहे. तो चक्क आदराने म्हणाला, या वयात? कमाल आहे!
मी खोटं काहीच बोललो नाही. शब्द न् शब्द खरा होता.

८ मार्च, शनिवार
वेग वाढवणारे प्रोग्रॅम आता चार. वेळ: चौदा मिनिटं. चौघांचं आपसात पटत नसावं. ऑफिसातही हेच व्हायचं.
साडूने नातेवाइकांत दवंडी पिटली. चुलतसासऱ्यांनी फोन करून अभिनंदन केलं. बायकोने विचारलं, कसलं अभिनंदन? म्हटलं, सर्वसाधारण.

१० मार्च
ऑफिसातल्या धाकट्या कारकुनाचा फोन. माझ्याच हाताखाली तयार झालेला, दोन लेकरांचा बाप, आणि दुर्दैवाने साडूचा शेजारी. म्हणाला, साहेब, स्टार्टअपचं कळलं. मला घ्या. तुमच्यामागे इथे जीव रमत नाही.
डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात मला साहेब म्हणणारा हा पहिलाच. तिथेच खरं सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, एकदा वेग येऊ दे, मग बघू. तो म्हणाला, वेग आणायलाच येतो. राजीनामा लिहिलाय. रविवारी तुम्हाला दाखवतो, सोमवारी देऊन टाकतो.
उद्या फोन करून सांगणार. नक्की.

११ मार्च
फोन राहिला. वेळ सतरा मिनिटांवर गेल्यामुळे डोकं ठिकाणावर नव्हतं.

१४ मार्च
फोन हातात घेतला होता. पण असल्या गोष्टी समोरासमोर सांगणंच सभ्यपणाचं.

१६ मार्च, रविवार
कारकून आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात राजीनामा. विचारलं, ऑफिस कुठंय? टेबल दाखवलं. माणसं किती? मी पाणी प्यायलो.
बायको म्हणाली, माणूस एकच, आणि तोही उशिरा सुरू होतो.
मग तिने सगळं सांगून टाकलं. साडूच्या बायकोने, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीने, तिला कालच या स्टार्टअपची बातमी दिली होती. स्टार्टअप म्हणजे बटण दाबल्यापासून हा कॉम्प्युटर जागा होईपर्यंतचा वेळ, बाकी काही नाही, असं बायको म्हणाली. कारकून हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. राजीनाम्याच्या चार घड्या करून त्याने तो खिशात ठेवला. निघताना विचारलं, मग साहेब, हा सुरू झाल्यावर तुम्ही काय काम करता?
म्हटलं, वेळ मोजतो.
तो गेल्यावर बायको खुर्चीत बसली. बटण दाबलं की आपोआप उठून बसणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी काढली. तेवीस निघाले. वेग वाढवणारे माझे चारही त्यातच. नको ते सगळे बंद केले. अर्ध्या तासात काम झालं, आणि त्यातला निम्मा वेळ सुरू होण्यातच गेला.

१७ मार्च, सोमवार
९.०० बटण दाबलं.
९.०१ सुरू झाला. दोन आठवडे म्हटलं होतं, दोन आठवड्यांत एक मिनिट. नियोजन म्हणतात ते हे.
९.०२ निळ्या पडद्याकडे बघत बसलो. आता दिवसभर काय करायचं, काही सुचत नाही.
९.०५ डोंगर परत लावला.
९.०६ कॉम्प्युटर बंद केला.
९.०७ पुन्हा सुरू केला.