तेहतीस गेमचं वाण

३ मे २०२६, रविवार

आज घरात बैठक झाली. विषय : अधिक महिन्यात जावयाला काय द्यायचं. आईचं मत, तांब्याचं ताट, दिवा आणि तेहतीस अनारसे. बाबांचं मत, जे आईचं तेच. शेवटी निवेदिताताईला दुसरबीडला फोन लावला. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच अधिक महिना, त्यामुळे सासरी सगळ्यांचं लक्ष माहेरच्या वाणाकडे.

ताई म्हणाली, ताट नको, इथं ताटं लय झाली. यांचा कॉम्प्युटर जळला, त्याचं काही पाहा.

जीवनभाऊजींचं रस्त्यालगत टायरचं दुकान आहे. दिवसभर ट्रक पाहतात आणि रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटरवर ट्रकचाच गेम खेळतात. कॉलेजचे तीन मित्र आपापल्या गावी बसून त्यांच्यासोबत ट्रक चालवतात. तेवढीच त्यांची भेट. ताई म्हणाली, आता रविवार आला का हा माणूस ओट्यावर बसून राह्यते अन् खरे ट्रक मोजते. मले पाहवत नाही.

मी म्हणालो, माझ्यावर सोपव.

संध्याकाळपर्यंत रीतसर अभ्यास केला. बारा-पंधरा व्हिडिओ पाहिले. निर्णय : कॉम्प्युटर नको, नुसते गेम खेळायचं मशीन असतं तो कन्सोल घ्यायचा. तोही असा, जो हातात धरून खेळता येतो आणि स्टँडवर ठेवला की टीव्हीवर दिसतो. भाऊजींचा ट्रकचा गेम त्यावर अजून नाही. पण कुणीतरी त्या कंपनीला विचारलं होतं आणि कंपनीने उत्तर दिलं, 'सूचनेबद्दल आभार.' म्हणजे काम सुरू आहे. ताईला कळवलं, गेम आलाच म्हणून समज.

माझा यात काहीही स्वार्थ नाही. ताई माहेरी येताना कन्सोल पर्समध्ये घालून आणू शकते, हा निव्वळ योगायोग आहे.

५ मे, मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत.

बाबांना थर्ड पार्टी सपोर्ट समजावून सांगितला. कन्सोलवाल्या कंपनीचे स्वतःचे गेम वेगळे. बाहेरच्या कंपन्या त्या कन्सोलसाठी आपले गेम आणतात, त्या थर्ड पार्टी. ट्रकवाली कंपनी थर्ड पार्टी. बाबांनी उभा जन्म विम्याच्या ऑफिसात क्लार्की केली. ते म्हणाले, थर्ड पार्टी म्हणजे ज्याले आपली गाडी ठोकते तो. मी म्हणालो, इथे तसं नाही. ते म्हणाले, पाहा बुवा.

बाबांना माझ्यावर भरवसा ठेवणं जड जातं. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, ते अजून त्यांच्या पोटात आहे. पण मी ऑनलाइन सेवा केंद्रात फॉर्म भरतो आणि माझ्या हातून गेलेल्या फॉर्मात वेलांटी चुकत नाही, हे अख्खं खामगाव सांगेल. निदान आमची गल्ली तरी.

८ मे, शुक्रवार

अकोल्याहून कन्सोल आणला. खोका उघडला. उघडणं भाग होतं. खराब निघाला तर जावयासमोर आपली शोभा. तपासणी सुरू केली आहे.

सुरू करताना नाव मागतो. तात्पुरतं 'शंतनु' घातलं.

१० मे, रविवार

तपासणी चालू.

तपासणीसाठी कंपनीचा स्वतःचा एक गेम घ्यावा लागला. उत्तम आहे. घोडा मिळाला.

आई मागे येऊन उभी होती, कळलंच नाही. म्हणाली, जावयाची वस्तू उष्टी काऊन करून राह्यला रे? मी म्हणालो, मशीन उष्टं होत नाही. ती नुसती पाहत राहिली. मग मी ओल्या फडक्याने दोन्ही कंट्रोलर पुसले. मग कोरड्या फडक्याने. मग घोडा एका सुरक्षित गावी नेऊन बांधला आणि बंद केलं.

आता द्यायच्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. संकल्प.

११ मे, सोमवार

घोड्याला चारा घातला होता की नाही ते पाहण्यापुरता लावला.

१३ मे, बुधवार

ट्रकवाल्या कंपनीचं निवेदन आलं. त्या कन्सोलवर गेम आणण्याचा सध्या विचार नाही. मशीनला तेवढा जोर नाही, असं कारण दिलं आहे.

जेवण गेलं नाही. दुपारी एका आजोबांच्या पेन्शनच्या फॉर्मात आडनावाच्या जागी नाव आणि नावाच्या जागी आडनाव घातलं. असं आजवर झालेलं नाही. त्यांनीच दाखवून दिलं. म्हणाले, असू दे पोरा, ऊन लय आहे.

निवेदन पुन्हा नीट वाचलं. 'सध्या' म्हटलेलं आहे. सध्या काय, सध्या माझाही लग्नाचा विचार नाही. ताईला एवढ्यात सांगून तिचा जीव घाबरा करण्यात अर्थ नाही. पक्की बातमी आली की सांगू.

बदलून कॉम्प्युटर आणावा का? दुकानदार म्हणाला, उघडलेला खोका परत घेत नाही. म्हणजे माझ्या हातात काही राहिलंच नाही. हे वाटतं तेवढं वाईट नाही.

१६ मे, शनिवार

मार्ग सापडला.

वाणात तेहतीस वस्तू द्यायच्या असतात. अनारसेच असले पाहिजेत असं कुठे आहे? बत्तासे देतात, म्हैसूरपाक देतात. मी तेहतीस गेम देणार. एक ट्रक नाही, पण तेहतीस गेम! आणि बहुतेक सगळे थर्ड पार्टीचे. कंपन्या आपल्या गेमचा पहिला भाग नमुना म्हणून फुकट देतात, त्याला डेमो म्हणतात. पहिला भाग आवडेपर्यंत खरा गेम येईल.

बाबांना योजना सांगितली. बाबा म्हणाले, म्हणजे प्रत्येक अनारसा अर्धा? काही प्रश्न उत्तर देण्यासारखे नसतात.

२३ मे, शनिवार

सेवा केंद्राच्या नेटवर आठवडाभर डेमो उतरवले. चांगले एकतीसच मिळाले. बत्तिसावं म्हणून व्हिडिओ पाहायचं अ‍ॅप घातलं. तेही बाहेरच्या कंपनीचं, म्हणजे थर्ड पार्टीच. तेहतिसावा माझा घोड्याचा गेम राहू दिला. तो काढता येतो. पण मग बत्तीसच राहतील आणि वाण अपुरं जाईल.

२४ मे, रविवार

ताई आणि भाऊजी आले. आईने धोंडे केले, पुरणाचे. भाऊजींनी पाटावर बसून सावकाश, मान खाली घालून खाल्ले. मला त्यांच्याकडे पाहवेना.

मग आईने ताटात कन्सोल ठेवला, शेजारी दिवा, कन्सोलला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. एक अक्षता कार्ड घालायच्या फटीत गेली. ती मी पिनने काढली, तोवर सगळे थांबले होते.

आई म्हणाली, मोजून तेहतीस आहेत हो, शंतनुनं स्वतः भरले. भाऊजींनी वाकून नमस्कार केला. चालू केल्यावर पडद्यावर आलं, 'शंतनु, पुन्हा स्वागत.' नाव बदलायचं राहून गेलं होतं. गडबडीत भाऊजींसाठी दुसरं खातं उघडलं, त्याचं नाव आपोआप 'पाहुणा' पडलं. ताई हसली, बरोबर आहे, जावई पाहुणाच असते.

भाऊजींनी एवढंच विचारलं, अन् गाडी कुठंय यात?

मी म्हणालो, येणार आहे, थर्ड पार्टीचं थोडं मागेपुढे होतं.

भाऊजी म्हणाले, बरं.

ताई जाताना दारात म्हणाली, तू होता म्हणून झालं रे, मी तिकडं सगळ्याइले सांगितलं. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. तेल लावत जा म्हणाली.

३१ मे, रविवार

ताईचा फोन. म्हणाली, काऊन रे, सगळे गेम मधीच बंद पडून राह्यले. राक्षस येते अन् पडदा जाते. एकही राक्षस मरून नाही राह्यला. मी म्हणालो, पहिल्या आठवड्यात असंच असतं.

मागे शांत होतं. भाऊजी कुठे आहेत विचारलं. ओट्यावर, म्हणाली.

आज रविवार आहे हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

२ जून, मंगळवार

आज फोन ताईच्या सासूबाईंनी, शालूबाईंनी केला. मी उभाच राहिलो. म्हणाल्या, ल्योक हिरमुसलाय, त्याची ट्रकवाली गेम कवा येनार ते सांगा, म्हंजी त्याला सांगता येईल. माझ्या तोंडातून निघून गेलं की अधिक महिन्यात कंपनी नवीन काही सुरू करत नाही. निज ज्येष्ठ लागला की येईल.

शालूबाई एकदम गार झाल्या. म्हणाल्या, अस्सं हाय का. कंपनी चांगल्या घरची दिसती.

मी हो म्हणालो. देवा.

३ जून, बुधवार

तसं पाहिलं तर मी मुदत घेतली आहे. खोटं बोललो असं नाही. निज ज्येष्ठ १६ तारखेला लागतो. तोवर कंपनीला पटवायचं. आजपासून रोज एक ईमेल. पहिला पाठवला : एका सुशिक्षित वाहनप्रेमी कुटुंबाची विनंती. तीनदा तपासून पाठवला, एकही चूक नाही.

६ जून, शनिवार

उत्तर आलं. 'सूचनेबद्दल आभार.'

९ जून, मंगळवार

कंपनीचा नाद सोडला. दुसऱ्याच एका कंपनीचा ट्रकचा गेम या कन्सोलवर मिळतो. ट्रक तो ट्रक. मागवला. डबी उघडली तर आत कार्डच नाही, कोड लिहिलेली नुसती चिठ्ठी. नेटवरून उतरवून घ्या म्हणे. आजकाल बऱ्याच थर्ड पार्टी असंच करतात.

पॅक करायला ठेवली होती, तेवढ्यात आईने त्यात चमचाभर साखर घातली. लेकीच्या घरी रिकामी डबी धाडतात का, म्हणाली. पार्सल गेल्यावर हे कळलं.

१३ जून, शनिवार

ताईचा फोन. डबीत मुंग्या. चिठ्ठी झटकून कोड घातला, गेम उतरला. भाऊजींनी चालवून पाहिला. या ट्रकला रिव्हर्स नाही आणि एका वेळी एकच माणूस खेळू शकतो. मित्र येऊच शकत नाहीत.

मी विचारलं, भाऊजी काय म्हणाले? ताई म्हणाली, काही नाही. पोराचा जीव चांगला आहे म्हणाले.

यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

१६ जून, मंगळवार

निज ज्येष्ठ लागला. फोन सायलेंटवर. प्रवेशाच्या फॉर्मांची गर्दी आहे, त्यामुळे नाइलाज.

१८ जून, गुरुवार

ठरलं. रविवारी स्वतः दुसरबीडला जायचं आणि सगळं खरं सांगायचं. काय बोलायचं ते लिहून काढलं. सुरुवात 'आदरणीय भाऊजी' अशी केली होती, ती अर्जासारखी वाटली. खोडली. मग फक्त 'भाऊजी'.

सांगून झाल्यावर, कन्सोल नको असेल तर मी परत न्यायला तयार आहे, असंही सांगणार आहे. त्यांना अडचण नको म्हणून.

२१ जून, रविवार. परतीच्या एसटीत. अक्षर हलतं आहे.

दुकानाच्या आतल्या खोलीत भाऊजी कॉम्प्युटरवर ट्रक चालवत होते. जुना कॉम्प्युटर, गावातल्या एका मास्तरकडून मागच्या आठवड्यात घेतलेला. स्पीकरमधून मित्रांचे आवाज. भाऊजी म्हणाले, या या, बसा. घाट लागलाय, नजर काढता येत न्हाई.

स्पीकरमधून एकाने विचारलं, कोन आलं बे?

भाऊजी म्हणाले, साळा.

दुसरा म्हणाला, थर्ड पार्टी?

तीन गावांतून एकदम हसू आलं. भाऊजीही हसले, पण मग माझ्याकडे पाहून थांबले. म्हणाले, गंमत करतेत, मनावर घेऊ नका.

मी खिशातला कागद काढला आणि म्हणालो, भाऊजी, तो गेम येणार नाही. भाऊजी म्हणाले, ते वाणाच्या दिवशीच मित्रानं सांगितलं मला. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? घाट अजून चालूच होता. ते पडद्याकडे पाहत म्हणाले, सासूबाईंनी कुंकू लावलेलं त्याला. अन् निवेदिता घरभर सांगत होती, माझा भाऊ लोकांचे फॉर्म भरतो, एक वेलांटी चुकत नाही त्याची, तो म्हणतो तर येणारच. तिला कशाला खोटं पाडू? म्हटलं, ध्यानात येईल तिच्या तिला.

आलं का, असं विचारायची माझी छाती झाली नाही. ताई चहा घेऊन आली. कप ठेवला. नेहमी मी आलो की पोहे करते, ते केले नाहीत. साखर पुरे का एवढं विचारलं आणि गेली.

घरात गेलो तर शालूबाई खाटेवर बसून माझा, म्हणजे भाऊजींचा, कन्सोल हातात धरून एका मांजराला नदी पार करवत होत्या. अधिक महिन्यात रोज दोन डेमो, असा त्यांनी नेम धरला होता. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आहे. म्हणाल्या, जितं संपतंय तितं थांबायचं. पोथीचा अध्याय असतो तसं. पुढचं कशाला पायजे?

मी परत नेण्याबद्दल काही बोललो नाही. त्यांच्या हातात तो फार शोभत होता. घोड्याचा गेम त्यांनी काढून टाकला आहे. त्याला शेवटच नाही म्हणाल्या.

कागद तसाच खिशात आहे. भाऊजींशी बोलणं झालं म्हणता येईल. ताईशी नाही. थांब्यापर्यंत सोडायला भाऊजी आले, ताई आली नाही. भाऊजी म्हणाले, पीठ मळत होती.

२२ जून, सोमवार. दुपारी.

ताईला फोन केला. मनात म्हटलं, आज काहीही लपवायचं नाही. पहिलंच वाक्य बोललो : ताई, तो कन्सोल मलाच हवा होता.

ताई म्हणाली, माहीत आहे. पुढं सांग.

मी आठवून पाहिलं. पुढे काही नव्हतं. तेवढंच होतं सगळं.

ती थांबली होती. मागे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केला, पुन्हा फोन कानाला लावला आणि थांबली. मी म्हणालो, ताई, रेंज जाऊन राह्यली, आवाज तुटतो आहे.

रेंज पूर्ण होती.