एकटीपुरतं सामान

१ डिसेंबर, रविवार. मुक्काम सावली.
आजपासून माझं स्वतःचं घर! दोन खोल्या, मागं न्हाणी, खिडकीतून धानाचे रचलेले पुंजणे दिसतात. माझ्या भावानं, शहबाजनं, मोटारसायकलवर आणून सोडलं, घरभर फिरून कड्याकोयंडे ओढून पाहिले आणि अंधारायच्या आत परत निघाला. उद्या भूमी अभिलेखच्या कचेरीत भूकरमापक म्हणून रुजू व्हायचं.
घुग्घुसच्या घरी आम्ही सातजण. ताट, उशी, टॉवेल, काहीच कुणा एकाचं नाही. अम्मीनं फोनवर सामानाची यादी सांगितली. मी ती लिहून घेतली आणि मग प्रत्येक वस्तू एकच ठेवून बाकीची खोडली. एक ताट, एक वाटी, एक पेला, भाताला एक गंज, उलथायला एक सराटा, बादली, मग, झाडायला फडा. पाहुणे आले तर पाहुण्यांनी आपापलं ताट आणावं.
अंगणापलीकडे घरमालक गुणवंतराव आणि गुणाबाई राहतात. गुणाबाईंनी आल्याआल्या चहा पाजला, तहसीन, एकटीच राहणार का, असं दोनदा विचारलं.

३ डिसेंबर, मंगळवार.
कचेरीतून थेट बाजारात. इब्राहीमभाईंचं भांड्यांचं दुकान नीटनेटकं आहे. सगळं एकेक मागितलं तर ते हसले. काठाला निळी रेघ असलेलं ताट घेतलं. शेगडीवर पहिली खिचडी केली, खाली करपली, सगळी खाल्ली. ताट घासून एकटंच मांडणीवर उभं करताना फार बरं वाटलं.

५ डिसेंबर, गुरुवार.
मांडणीवर दोन ताटं आहेत. दोन्ही निळ्या रेघेची. इब्राहीमभाईंनी चुकून जोडी बांधून दिली असेल. पण परवा मी एकच घासलं होतं.

६ डिसेंबर, शुक्रवार.
न्हाणीत दुसरा मग. खिळ्यावर दुसरा टॉवेल, माझ्यासारखाच पिवळा. ओला.
या घराची दुसरी किल्ली गुणवंतरावांजवळ असते. दिवसभर मी बाहेर. सकाळी निघताना ते ओट्यावर बसून बघत असतात, संध्याकाळी मी आले तरी तिथंच. कालपर्यंत मला ते साधे वाटत होते.

७ डिसेंबर, शनिवार.
त्यांना तोंडावर विचारलं, माझ्यामागं घरात कोण येतं. गुणवंतराव ओट्यावरून उठले. मग आत गेले आणि किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली.
"घे बाई, तुह्याजवळच ठेव. या म्हातारपणात असं आयकाचं होतं मले."
गुणाबाई दारात उभ्या होत्या. आज चहाचं विचारलं नाही.
वाईट वाटलं. तरी बाजारातून नवं कुलूप आणलं. दोनच किल्ल्या, दोन्ही माझ्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात.

१० डिसेंबर, मंगळवार.
नवं कुलूप जसंच्या तसं. आत दुसरी उशी. मधोमध डोक्याचा खळगा पडलेला.
गुणाबाईंना विचारलं तर तुटक उत्तर आलं, दुपारी तूच तर फडा घेऊन ओटा झाडत होतीस. दुपारी मी व्याहाडच्या शेतात होते, हातात मोजणीची साखळी, सोबत चारजण. मला वाटतं नवराबायको मिळून मला घालवायला बघतायत. पण मग दर वेळी नवी वस्तू का आणून ठेवतील?

११ डिसेंबर, बुधवार.
इब्राहीमभाईंना उशी दाखवली. शेजारच्या दुकानातली आहे, म्हणाले, कालच घेतली ना तुम्ही. माझ्याकडूनही पेला नेलात. मी म्हटलं, मी नव्हते. त्यांनी माझा दुपट्टा निरखला. चेष्टा करतायत असं वाटेना.
"तुम्हीच होत्या, बेटा. हाच दुपट्टा. मी विचारलं, आता दोन दोन काऊन? तर तुम्ही म्हणाल्या, आम्ही दोघी राहतो."

१२ डिसेंबर, गुरुवार.
आजचा दिवस छान गेला. घर आता भरल्यासारखं दिसतं. गुणवंतभाऊंना उगाच दुखावलं होतं, त्यांची माफी मागून आले. गुणाबाईंनी वांग्याची भाजी वाढली. अम्मीची आठवण येते. घरी जावंसं वाटतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार.
वरचं मी लिहिलेलं नाही.
अक्षर माझं आहे. पण काल मी रोजनिशी उघडलीच नाही.
गुणाबाई आज माझ्याकडं बघून हसल्या. म्हणाल्या, झालं गेलं गंगेले मिळालं, तू माफी मागतली तवाच आमच्या बुढ्याचा राग गेला. मी माफी मागितली नव्हती. मागायला हवी होती.

१४ डिसेंबर, शनिवार.
बाजारातून दुपारीच परत आले. बाहेरून कुलूप. आत कुणीतरी भांडी विसळत होतं, हलक्या हातानं, माझ्या सवयीप्रमाणं आधी पेला मग ताट.
कुलूप काढलं. कुणी नाही. मोरी ओली.
शहबाजला फोनवर सांगितलं, उद्या गाडी घेऊन ये, मी नोकरी सोडते. तो म्हणाला, सकाळीच तर सांगितलंस हे.
सकाळी मी फोन केला नव्हता —

१५ डिसेंबर. साडेअकरा.
न्हाणीत होते. हॉर्न ऐकला. बाहेर येईतो —
घराच्या दाराला बाहेरून कडी. सामान अर्धं गेलंय. प्रत्येकातलं एकेक. माझा दुपट्टा नाही. गळ्यातला दोरा आहे, किल्ल्या नाहीत.

पावणेबारा.
ओरडले. गुणाबाई खिडकीशी आल्या. गजातून त्यांचा हात धरला तर त्यांनी झटकला. लांब उभ्या राहून बोलल्या, लहान पोराशी बोलावं तसं.
"तहसीन त गेली भावासंग. मले सांगून गेली, आत एक पोरगी हाये, माह्यासारखीच दिसते, मीच तहसीन म्हणन. दार नोको उघडू."
मी म्हटलं मीच —
त्या गेल्या.

बारा.
शहबाजला फोन. तो गाडी चालवत असणार. उचलला तिनं. माझा आवाज. हळू बोलत होती, मला ऐकू जाईल एवढंच. म्हणाली, एकटीला लागतं ते सगळं ठेवलंय.
कट.

अम्मीला लावला. अम्मी म्हणाली, हा तहसीनचा फोन, चोरीला गेलेला, तू कोण. मी म्हटलं अम्मी मी. ती म्हणाली, तहसीन मूल गावापर्यंत आलीय, आत्ताच शहबाजच्या फोनवरून बोलली. मी रडले. अम्मीनं फोन ठेवला नाही. म्हणाली, खरी असशील तर सांग, लहानपणापासून घरात तुला काय हाक मारतो आम्ही.
मला माहीत आहे.
दोन अक्षरी आहे. अब्बा दारातूनच ती हाक मारतात —
मला माहीत आहे, अम्मी, ठेवू नको, मी सांगते, ते —