माळावरचा महिना

आई, आज माळावरून परत आलो आणि विजारीच्या काठाला लागलेली कुसळं काढत बसलो आहे. मार्गशीर्ष निम्मा सरला. गवत वाळून तांबूस झालं आहे, तरवडाचा बहर संपून चपट्या शेंगा लोंबत आहेत आणि बांधाकडची बोरं पिवळी पडू लागली आहेत. हे तुला कळवण्याचं कारण असं, की आपल्या घरात महिना पाहून येण्याचं काम तुझं होतं, आणि तू गेल्यावर बरीच वर्षं ते कोणी केलं नाही. आता मी करतो. रविवारी सकाळी बारामतीहून निरवांगीला येतो, मोटारसायकल वस्तीवर लावतो आणि कालव्याचा पूल ओलांडून वर चढतो.

तुझं माहेर लोणी भापकरचं, तेव्हाचं निव्वळ जिरायत. तिथे हिरवा रंग पावसाबरोबर यायचा आणि पावसामागोमाग जायचा. फाल्गुनात लग्न होऊन तू कालव्याखालच्या आमच्या बागायतीत आलीस आणि वैशाखात, चहूकडे उंच हिरवा ऊस पाहून, सासूला विचारलंस, "पंचमीला मला न्यायला कवा येणार?" श्रावणातली नागपंचमी! आबांनी ही गोष्ट जन्मभर पुरवली. पाहुणे आले की चहाबरोबर ती ठरलेली: "आमच्या हिला वैशाखात पंचमी लागली हुती." तू चुलीपाशी बसूनच उत्तर द्यायचीस, "मंग काय तर! हितं बाराई म्हैनं हिरवं. म्हैना कंचा, त्ये रानाला इचारून कळतंय व्हय?" लोक हसायचे. माझ्या मते तुझं म्हणणं अचूक होतं. पाटाच्या पाण्यावरच्या शिवारात पीक दिसतं, ऋतू दिसत नाही. उसाला तुरा आला की थंडी, एवढीच सवलत तू त्या शिवाराला देत होतीस.

म्हणून तू माळावर जायचीस, कालव्याच्या वरच्या आपल्या त्या तुकड्यात, जिथे पाणी चढत नव्हतं. काम असं काही नसायचं. परत येताना हातात मात्र काहीतरी असे: आश्विनात घटासाठी तरवडाची फुलं, पौषात बोरं, चैत्रात लिंबाचा मोहोर. वैशाखात हात रिकामे असत, पण टिटवीनं खड्यांत अंडी घातल्याची बातमी असे, आणि ती जागा तू कोणालाही सांगत नसस. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एकदा तुझ्याबरोबर आलो आणि रिकाम्या हातांनी एवढं चढून जाण्याचा उपयोग काय, असं विचारलं. त्या वर्षी मला प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारण्याची सवय लागली होती. तू थांबलीसुद्धा नाहीस. "तुला फायदा दिसल्याबिगर पाय उचलत न्हाय व्हय रं? गप चाल. चंडूल उडंल." तो उडतोच. सरळ वर जातो, दिसेनासा होतो आणि तरीही त्याचं गाणं ऐकू येत राहतं. आपण दोघं मान वर करून उभे आहोत, तुझा पदर डोक्यावरून घसरलेला आहे आणि तुला त्याची शुद्ध नाही.

आता माळाचा प्रश्न. सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं आहेत. धाकट्याला तिथे शेततळं करून डाळिंब लावायचं आहे. हल्ली पाणी वर चढवता येतं. आश्विनातल्या एका रविवारी तो तळ्याची जागा दाखवायला माझ्याबरोबर वर आला.

"दादा, तुझी संमती तेवढी राहिलीय."

"आधी मातीचं परीक्षण होऊ दे," मी म्हणालो.

"झालंय की! तुझ्याच फोनवर पाठवलंय. तू 'ठीक' म्हणून उत्तर बी दिलंयस."

ते खरं होतं. ते कारण असं हातातून गेल्यावर मी जे होतं ते सांगितलं: मला इथे चालायला आवडतं.

तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. "चालायला? आरं मग बागंतनं चाल की. वाटंनं डाळिंब बी खा."

"बागेत महिना कळत नाही."

"झालं! आता ह्याला बी वैशाखात पंचमी लागली."

आम्ही दोघेही हसलो. मग त्याने एक खडा पायाने बाजूला सारला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पोरगं बागंपायी थांबतंय रं दादा. उसात त्येचं मन न्हाय. न्हायतर पुण्याला जाईल." तू असतीस तर नातवाच्या बाजूने उभी राहिली असतीस, असा माझा अंदाज आहे, खात्री नाही. मी होकार दिला. यंत्र लावायचं ते संक्रांतीनंतर लावावं, एवढंच मागितलं. "बोरं खाऊन घेतो म्हण की," असं म्हणून त्याने ते मान्य केलं.

म्हणजे माझ्याकडे अजून पौष आहे. येत्या वैशाखात टिटवीला दुसरीकडे जागा शोधावी लागेल. बारामतीत मी रोज सकाळी कालव्याच्या कडेने चालू लागलो आहे. तिथेही काही ना काही सापडतं. पाण्याच्या काठाने शेपटी हलवत धावणारा धोबी पक्षी फक्त थंडीतच येतो, हे मला या वर्षी कळलं. ते चालणं चांगलं आहे. माळाची जागा ते घेत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं. कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते माझ्या अडचणीचं झालं असतं. कारण संमतीची सही दिवाळीआधीच झाली आहे आणि जमिनीचं कोणतंही काम आता बाकी नाही. तरीही दर रविवारी निघताना मी बायकोला सांगतो, की जमिनीच्या कामासाठी चाललो आहे.