सात नंबरची जागा आणि दोन चन्नबसप्पा

सगळ्यांना शरणु शरणार्थी.

आधी तब्येती. महादेवी, गुडघ्याला तेल लावतेस का, की मी विचारायचा थांबलो तशी तूही थांबलीस? रेवणसिद्धा, खुर्चीत बसून बसून धरलेली तुझी पाठ सुटली का? शिवकांते, टँकरच्या पाण्याने तुझ्या लेकरांची पोटं बिघडली होती, ती आता बरी आहेत ना? गुलाम रसूल, तुझी साखर? आणि देगलूरच्या चन्नू, तुझ्या दम्याची खबर मला तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून कळते. म्हणून थेट विचारतो, कसा आहेस?

ज्याच्या टायपिंगच्या दुकानात बसून मी हे सांगतो आहे तो गुलाम रसूल म्हणाला, "बसू, मृत्युपत्रात खैरियत कोण पुसतंय रे?"

म्हटलं, "मेल्यावर पुसता येत न्हाई म्हणून आत्ता पुसून घेतो. तू टाइप कर."

तर मी, चन्नबसप्पा शिवमूर्ती हत्तरगे, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे सदुसष्ट, खरं वय देवाला माहीत, असे लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. माझ्याजवळ जे आहे ते माझ्या दोन हातांचं आहे. एक जागा सोडून. तिचं शेवटी येईल, कारण ते लिहायला मला धीर गोळा करावा लागणार आहे.

कलम १. राहतं घर महादेवीचं. तिच्या हयातीत ते विकायचं, पाडायचं किंवा "आई, तू पुण्यालाच ये ना" म्हणून कुलूप लावायचं नाही. पुण्यात तिला आठ दिवसांत ताप भरतो. तिथं शेजारी बेल वाजवून येतात म्हणे.

कलम २. वायंडिंगचं मशीन, तांब्याच्या तारेची रिळं, मीटर आणि माझी हत्यारं चाकूरच्या शिवकांताला. जावईबापू हसतील. त्यांना हसू द्यावं. सहावीत असताना ही पोर माझ्याशेजारी बसून पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीचे वेढे मोजायची आणि एकही चुकायची नाही. रेवणसिद्धाला मी तीच तार धरायला दिली होती, त्याने तिने पतंग बांधला.

कलम ३. कॉम्प्युटर रेवणसिद्धाला परत. माझ्या डोळ्यांसमोरून जावा एवढीच त्याची किंमत.

हे कलम जरा लांबेल. दुष्काळात माझा धंदा सगळ्यांच्या आधी मरतो. आधी कोरड्या बोअरात मोटारी जळाल्या, तेव्हा दोन महिने हाताला उसंत नव्हती. मग बोअरात मोटार सोडायचंच लोकांनी सोडलं. लातूरला रेल्वेने पाणी यायला लागलं आणि मी दुकानात बसून माश्या मारायला लागलो. तेव्हा या शहाण्याने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणून दिला. "आप्पा, घराण्याची वंशावळ भरा यात. मन रमेल."

मी चारशे चाळीस व्होल्टच्या तारेशी पन्नास वर्षं संसार केला. कधी हात थरथरला नाही. पण त्या माउसवर बोट ठेवलं की कपाळाला घाम यायचा. काही पुसलं जाईल, काही फुटेल, पुण्यात काही बंद पडेल, काय सांगावं. फोन केला की मुलगा म्हणायचा, "बंद करून चालू करा." अरे, बंद करून चालू करायला इंजिनिअर कशाला हवा? ते तर आमची लाइटच दिवसातून सहा वेळा करते.

तरी मी दोनशे चौदा माणसं भरली. हयात, मयत, सगळी. मग एके दिवशी त्या यंत्राने दोन नावं शेजारी शेजारी मांडली आणि विचारलं, ही दोन्ही माणसं एकच आहेत का?

त्याचाही दोष नाही म्हणा. माझे आजोबा चन्नबसप्पा वारले आणि त्यांच्या दोन्ही लेकांनी आपापल्या पोराला त्यांचं नाव ठेवलं. कोणी मागे हटेना. शेवटी घरात हाक मारायला आजोबांचं नाव चिरून वाटून घेतलं, थोरल्या काकांचा तो चन्नू, मी बसू. पुढे शाळेच्या हेडमास्तरांनी आख्ख्या वर्गाला एक जूनला जन्माला घातलं. त्या माणसाला पावसाळ्याआधी सगळं उरकायची घाई होती. म्हणजे नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, तारीखही तीच. आणि बापाच्या नावाला त्या परदेशी यंत्रात चौकटच नाही.

पोराने बजावलं होतं, "काही विचारलं की यस दाबायचं." मी दाबलं.

एका क्षणात मला दोन बाप झाले, दोन बायका झाल्या, पाच लेकरं झाली, आणि चन्नू नावाचा माणूस जगातून उठला. मी इतका घाबरलो की होतं तेवढं तरी वाचावं म्हणून तीच बिघडलेली फाईल जिथे जिथे जुनी होती तिथे तिथे चिकटवली. 'वंशावळ', 'वंशावळ खरी', 'वंशावळ खरी शेवटची', सगळीकडे मीच मी.

महादेवीने डोकावून बघितलं. "ही बसम्मा तर चन्नूभावजींची बायको."

"आता माझी बी हाय."

"बरं झालं. पाठवून द्या म्हणा तिला. टँकरच्या रांगेत मी एकलीच उभी ऱ्हायते."

हसून झाल्यावर ती म्हणाली, "अन् उद्या तुम्ही गेल्यावर रेवणसिद्ध तुमच्या नावापुढं मयत लिहील. मग भावजी बी जितेपणी मेले की वो."

त्या बोलण्याने माझं जेवण गेलं.

गुलाम रसूलने चन्नूला पुन्हा नव्याने भरून दिलं. पण ते यंत्र उघडलं की तोच प्रश्न विचारतं, ही दोन्ही माणसं एकच आहेत का? मी जिवंत आहे तोवर 'नाही' दाबीन. माझ्यामागे जो कोणी बसेल तो घाईत 'हो' दाबणार. 'हो' दाबणाऱ्यांनीच हे जग भरलेलं आहे, हे मी अनुभवाने सांगतो. तो अनुभव पुढच्या कलमात.

कलम ४. बाजारपटांगणातली सात नंबरची कोपऱ्याची जागा, तिच्यावर मी बांधलेल्या दुकानासह, माझा चुलतभाऊ चन्नबसप्पा शिवलिंगप्पा हत्तरगे, सायकल दुरुस्ती, राहणार देगलूर, जिल्हा नांदेड, याला. माझ्याआधी तो गेला तर त्याचा मुलगा नागप्पा याला.

कारण असे. लातूर नवा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी कारागिरांना बाजारात जागा मिळाल्या. यादीत चन्नूला सात नंबर होता, कोपऱ्याचा, रस्त्याकडे तोंड. मला एकतीस, मागे, उकिरड्याला लागून. जुन्या जिल्ह्यातून, उस्मानाबादेहून, कागदांचे गठ्ठे आलेले, बापांची नावं नकलून घेताना नुसतं 'शि.' उरलेलं. चन्नू बसम्माच्या बाळंतपणाला देगलूरला गेला होता. मी एकटाच एका कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने, त्याचं नाव मला आठवत नाही आणि आठवलं तरी लिहिणार नाही, यादीवर दोन बोटं ठेवली.

"हे दोन्ही तुम्हीच का?"

मी म्हणालो, "हाव."

"एका माणसाला एकच जागा. कुठली ठेवू?"

मी म्हणालो, "सात."

एवढंच. याहून एक अक्षर जास्त बोललो नाही. रांग मोठी होती, ऊन होतं, साहेबासमोर मी बावरलो होतो, असं मी तेहतीस वर्षं स्वतःला सांगत आलो. बावरलेला माणूस 'हाव' म्हणतो, हे खरं. तो 'सात' म्हणत नाही.

चन्नू आला तेव्हा त्याचं नाव यादीत नव्हतं. त्याने पंचांसमोर आळ घेतला की बसूने कारकुनाला पैसे चारले. मी अनंतपाळाच्या देवळात जाऊन शपथ घेतली की एक पैसाही दिलेला नाही. शपथ खरी होती, म्हणून तर इतकी वर्षं टिकली. लोकांनी चन्नूलाच नावं ठेवली आणि तो बायकापोरांना घेऊन सासुरवाडीला गेला तो गेलाच. माझ्या दोन्ही लेकरांच्या लग्नपत्रिका त्याने न फोडता परत धाडल्या, आणि मी चारचौघांत म्हणत राहिलो, "आडमुठा हाय. पीळ सुटंना." पीळ कोणाचा होता ते वर लिहिलंच आहे.

रेवणसिद्धा, "आप्पा, पण त्या जागेचा आजचा भाव माहीत आहे का" असं तू विचारशील. माहीत आहे. तू मला 'यस' दाबायला शिकवलंस, आता एकदा स्वतः दाब. या कलमाविरुद्ध जो कज्जा करेल त्याने माझ्या तिसऱ्याला जेवायला येऊ नये.

आता उदगीर जिल्हा होणार अशी बोलणी पुन्हा उठली आहेत. होवो न होवो, पण झाला तर पुन्हा गठ्ठे निघतील, पुन्हा कोणीतरी दोन नावांवर दोन बोटं ठेवील. त्याआधी कागदावर आम्ही दोघं दोन झालेलो असावं.

हे सगळं लिहून महादेवीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यावर द्यायचं तर त्यात तुमचं काय जातंय? जितेपणी द्या की." या बाईला मी पन्नास वर्षं अडाणी म्हणत आलो. तेही या ठिकाणी मागे घेतो.

म्हणून कलम ५. या मृत्युपत्राची एक प्रत मी मरायची वाट न बघता देगलूरला रजिस्टरने जाईल. चन्नू, हे पाकीट न फोडता परत धाडू नकोस. माझी आई लवकर गेली, माझ्या जन्माचा दिवस कोणालाच ठाऊक नाही. पण तुझ्या आईला, लक्ष्मम्मा काकूला, तुझा तिथी-वार पाठ होता, तुला तिने सांगितलाच असेल. तो लिहून कळव. तुझा खरा दिवस त्या यंत्रात पडला की ते पुन्हा विचारणार नाही. आणि जागेचा ताबा घ्यायला कधी येतोस तेही कळव. आलास तर कलम ४ खोडून टाकू, किल्ली हातातच देईन. शिव्या द्यायच्या असतील तर वेगळा कागद जोड, मी वाचीन.

वरील मजकूर मी वाचून घेतला, मला पटला, म्हणून सही करतो. बापाचं नाव पूर्ण लिहितो आहे.

चन्नबसप्पा शिवमूर्ती हत्तरगे (बसू)

साक्षीदार:
१. गुलाम रसूल, टायपिंग व झेरॉक्स. सगळं ऐकलं. कलम ४ टाइप करताना दोनदा थांबलो.
२. सिद्रामप्पा बिराजदार, निवृत्त पोस्टमन. परत आलेल्या दोन्ही पत्रिका मीच यांच्या हातात दिल्या होत्या. हे पाकीट मी स्वतः पोस्टात टाकतो.

ठिकाण: शिरूर अनंतपाळ
दिनांक: ३० मे २०१६

ता. क. चन्नू, दुकान पंधरा दिवसांपासून रिकामं करून ठेवलं आहे. किल्ली दाराआडच्या खिळ्याला आहे. उत्तर लवकर धाड.