उशाजवळचा डाग

३ नोव्हेंबर
ठक्, ठक्-ठक्. मास्तर टेबलावर रूळ आपटून ताल धरायचे आणि अख्खा वर्ग डुलत कविता म्हणायचा. आज माझ्या खोलीची भिंत रंगारी पत्र्यानं खरवडतोय — ना चाल, ना ताल. म्हणून तो आवाज आठवला.

सूनबाईंचा हुकूम — खोली लॅव्हेंडर होणार. "बाबा, कसं शांत शांत वाटेल." म्हटलं, मला शांत व्हायला अजून अवकाश आहे. नमुना पाहिला. दऊत विसळल्यावर मोरीत जातं त्या पाण्याचा रंग!

४ नोव्हेंबर
उशाशी भिंतीवर तेलकट डाग आहे. ही तिथं डोकं टेकून बसायची, केसांचं तेल भिंत प्यायली. मी कविता म्हणायचो, ही डोळे मिटून ऐकायची. वर्ष होत आलं — भांडून लेकीकडे गेली. "तुम्ही आणि तुमच्या कविता, सुखानं नांदा. या खोलीत मी पाऊल टाकायची नाही." माझा फोन घेत नाही. मागं राहिला तो एवढा डाग.

रंगारी म्हणतो, "काका, तेल वर येतं. घासून अस्तर मारावं लागेल." मी खुर्ची ओढली आणि डागाला पाठ लावून बसलो.

५ नोव्हेंबर
बसून आहे.

६ नोव्हेंबर
चिरंजीव बायकोचं वकीलपत्र घेऊन आले.
"बाबा, डाग आहे तो."
"तुझ्या आईचा आहे."
"मग आईलाच जाऊन आणा की."
मी का जाऊ? गेली कोण?

सूनबाई फोनवर कुजबुजत असतात. मी दिसलो की तोंडाला कुलूप. माहेरी माझी गाऱ्हाणी चालली असणार. घालू देत.

७ नोव्हेंबर
तह झाला. डागाभोवती मी पेन्सिलीनं चौकोन आखला. तेवढा सोडून सगळी खोली जांभळी. सूनबाई दारातून म्हणाल्या, "शोभतंय हो. चौकट करून देऊ?" म्हटलं, द्या, खिळा मी ठोकतो.

रंगाच्या वासानं डोकं उठलंय, पण जिंकलो. चौकोनाकडे बघत एक कविता म्हटली. दुसऱ्या कडव्यात अडलो. अडलो की डोळे न उघडता पुढचा शब्द हीच सांगायची.

९ नोव्हेंबर
बेल वाजली. रंगारी उरलेला डबा न्यायला आला असेल म्हणून दार मीच उघडलं.

ही. हातात बॅग.

सूनबाई मागून म्हणाल्या, "या आई, वाळलाय रंग." "मी सांगितलेलाच लावलास ना गं?" — माझ्याकडे न बघता ही सरळ खोलीत. मग आतून आवाज, "अहो, एवढं सगळं रंगवलंत आणि तो घाणेरडा डाग तेवढा ठेवलात?"

डब्यात थोडा रंग आहे. ब्रश शोधतोय.