बाजारात पाच भाषा

१२ जून २००४, शनि.
टोमॅटोची आवक बेफाम. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. गुजरातच्या व्यापाऱ्याशी गुजराती, यूपीवाल्यांशी हिंदी, कोलारच्या ड्रायव्हरशी कानडी, मद्रासच्या गाडीशी तोडकंमोडकं तमिळ, शेतकऱ्यांशी आपली मराठी. आडतशेठ येईल त्याला सांगतात, आमचा दत्ता म्हणजे रेडिओ, पाहिजे ते स्टेशन लागतं.

संध्याकाळी नारायणगावहून निमगावला घरी. सुकांतीनं पाणी दिलं. म्हटलं, बरी आहेस? तिनं मान हलवली. रेडिओ बंद.

इकडं मुलगी मिळेना म्हणून ओरिसाची करून आणली, लग्नाला वर्ष होत आलं. तिची भाषा माझ्या जिभेवर बसत नाही, हिंदी तिला दोन-चार शब्दांपलीकडे कळत नाही. आईनं तर ती आली त्याच आठवड्यात फर्मान काढलेलं, घरात तिकडचं बोलायचं नाही, नाहीतर मराठी कधी शिकणार? मराठी आली नाही. तिकडचंही गेलं.

२० जून, रवि.
डोहाळजेवण. सातवा लागला. आईनं हौसेनं सगळं केलं, हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा. जुन्नरहून शमशादभाभी बांगड्या भरायला आल्या. त्या सुकांतीशी हिंदीत, हातवारे करून बराच वेळ बोलत होत्या. सुकांती हसली. मी दारातून पाहिलं.

बायका नाव घे म्हणून हटून बसल्या. ती उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "नारायणगावच्या बाजारात टोमॅटो लालेलाल, दत्तारावांच्या घरी मी राहीन खुशाल." टाळ्याच टाळ्या. आईनं रोज घोकून घेतलेलं. अर्थ तिला कुणी सांगितलेला नाही, सांगणार तरी कशात? तरी पडवीत माझे डोळे भरून आले. या वयात बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं.

२२ जून, मंगळ.


घरी आलो तर सुकांती ओट्यावर. तीच हिरवी साडी, मांडीवर कपड्यांची पिशवी, नजर रस्त्याकडे. आई म्हणाली, "सकाळधरनं बसलीय. जायाच्या बेतात हाय. मळ्यातल्यांची सून गेली ती आली का परत?" ती सूनही ओरिसाचीच. दिवाळीला माहेरी गेली, ती गेलीच.

पिशवी हिसकावली. ती सोडेना. भराभर बोलायला लागली, तिच्या भाषेत, माझ्या तोंडाकडे बघून. वर्षभरात एवढं कधी बोलली नव्हती. एक शब्द कळला नाही. पिशवी पेटीत टाकली, पेटीला कुलूप.

२९ जून, मंगळ.
धड जेवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरलंय, बाळाला पुरायचं नाही, काय दुखतंय ते नीट विचारा तिला. विचारतो की. कशात विचारू ते पण लिहून द्या गोळ्यांबरोबर.

बाजाराला जाताना बाहेरून कडी लावतो. आई सांगते म्हणून, असं म्हणायची सोय आहे, पण हात माझाच. स्वतःची किळस येते आणि तरी लावतो. ती गेली तर मी संपलो. एवढंच खरं आहे, बाकी सगळं

३ जुलै, शनि.
अख्खा बाजार पालथा घातला. बंगाली मिठाईवाला म्हणतो, समजतं पण बोलता येत नाही. बिहारी हमाल हसले. इतक्या मुलखांची माणसं इथं पोट भरतात आणि मला हवी ती एक भाषा नाही. शेवटी स्टँडमागच्या नव्या बिल्डिंगवर प्लंबर सापडले, सगळे ओरिसाचे. त्यातला बिशू उद्या येतो म्हणाला.

परका पुरुष सुनेशी बोलणार म्हटल्यावर आई घर डोक्यावर घेईल. नळ गळतोय असं सांगायचं. पान्यानं नळ ढिला करून ठेवलाय. गळतोय बिचारा.

४ जुलै, रवि.
बिशू नळाशी बसला आणि त्याच्या भाषेत काहीतरी मोठ्यानं म्हणाला. भांडं पडल्याचा आवाज. सुकांती स्वयंपाकघरातून बाहेर, पदर सावरायचंही भान नाही. आधी नुसती रडली. मग जे बोलायला लागली ते थांबेचना. आई उठायला लागली तिला मी खांदा धरून खाली बसवलं. जन्मात पहिल्यांदा.

बिशू माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाई, ये भाग नहीं रही थी. चूड़ीवाली ने बोला था, अब तेरा मरद तुझको माँ के घर छोड़ने जाएगा, पहला बच्चा उधर ही होता है. हमारे उधर भी ऐसाच है. ये तैयार होके आपकी राह देख रही थी."

माझी वाट बघत होती. आणि मी पिशवी

आणखी काय म्हणाली विचारलं. तो नळ घट्ट करत राहिला. "वो रहने दो, भाई."

ओटी भरली की पोरगी माहेरी जाते, हे या गावात पोरासोरांना ठाऊक. आमच्या बहिणीला मीच आणायला गेलो होतो, मढच्या पुढं, एसटीनं. बायकोच्या वेळी आठवलं नाही. आठवू दिलं नाही.

कडी काढून फेकली विहिरीत.

९ जुलै, शुक्र.
आई दोन दिवस जेवली नाही. आज म्हणाली, "तुझी बायको, तुझं नशीब. मंग मला म्हनू नको." डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, न्यायचं तर आत्ताच, पुढं प्रवास नको. पेटी उघडली, पिशवी तिच्या हातात दिली. तिनं आत हात घालून कपडे चाचपून पाहिले. माझ्याकडे पाहिलं नाही.

१८ जुलै, रवि.
सोडून आलो. डबाभर ओरिसाला परतणारी माणसं, ती सगळ्यांशी बोलत होती. गाव जवळ आलं तसा चेहरा उजळत गेला. असा चेहरा मी पाहिलाच नव्हता. तिच्या आईनं पाय धुवायला पाणी दिलं, भात वाढला. घरभर माणसं, सगळी बोलतायत, मी मुक्याचा मुका. ती वर्षभर असंच जेवत होती आमच्याकडे.

निघताना ती दारात नव्हती. आत बायकांत हसू ऐकू आलं.

१२ सप्टें., रवि.
मुलगी झाली. त्यांच्या गावच्या पीसीओवरून फोन, बिशूच्या मोबाईलवर. दोघी ठीक. आईनं पेढे वाटले, मग देवापाशी बसून रडली. परत कधी, हे बिशूला विचारायला लावलं. ते म्हणे बघू. बघू म्हणजे काय?

१७ ऑक्टो., रवि.
बिशूचं काम संपलं, चालला हैदराबादला. जाताना एक वाक्य शिकवून गेला. केबे आसिबु? कधी येशील? दिवसभर घोकतोय. क्रेट मोजताना तोंडातून निघालं, कोलारवाला बघतच राहिला.

२४ ऑक्टो., रवि.
बिशूनं जाण्याआधी तिच्या पीसीओला निरोप ठेवला होता. नारायणगावला बूथवर जाऊन फोन लावला. तिचा श्वास ऐकू आला, मागं बाळाचं रडणं. माझं बाळ. म्हटलं, "केबे आसिबु?"

मग ती सावकाश म्हणाली, "नारायणगावच्या बाजारात टोमॅटो लालेलाल, दत्तारावांच्या घरी मी राहीन खुशाल." फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही.

तिच्याजवळ मराठी तेवढीच आहे म्हणून म्हणाली, की उत्तर म्हणून? अर्थ आता तरी कळलाय का तिला? बिशूही नाही. कुणाला विचारू?

घरी आल्या आल्या आईनं विचारलं, "काय म्हनली रं? येती का?"

म्हटलं, नाव घेतलं.